एकेरी रस्त्याचा नकाशा

पनवेलच्या तळ्याकाठी एक सिमेंटचा बाक आहे. रोज सकाळी साडेसहा ते आठ आम्ही तिघं त्या बाकावर बसून शहर चालवतो. डॉक्टरांनी तिघांनाही चालायला सांगितलंय, आणि आम्ही चालतोही, तळ्याला दोन फेऱ्या मारतो. पण दुसऱ्या फेरीत रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विषय निघतो, आणि तो काही उभ्याउभ्या संपणारा विषय नाही.

तिघांतल्या बाई म्हणजे इथल्याच एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शहरातली निम्मी पुढारी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे कुणाचंही नाव निघालं की बाईंना आधी त्याची सातवी आठवते. निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार बाकापाशी येऊन त्यांच्या पाया पडला आणि पाच वर्षांत काय काय करणार ते सांगून गेला. तो लांब गेल्यावर बाई म्हणाल्या, हा सहलीच्या बसलासुद्धा उशिरा यायचा, याचा रस्ता कसला वेळेवर होतोय. बाई पुढाऱ्यांना दहापैकी गुण देतात. चारच्या वर अजून कुणी गेलेलं नाही.

दुसरे बेकरीवाले. आजोबांच्या काळापासूनची त्यांची बेकरी ऐन चौकात आहे, आणि गल्ल्यावर बसून त्यांनी एवढी रहदारी पाहिलीय की त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. त्यांचं म्हणणं असं की पुढारी बिचारे येतात नि जातात, शहराचा खरा इंतजाम पोलिसांच्या हातात असतो. हवालदार कुठे उभा राहतो, चहाला कधी जातो, शिट्टी कुणाला वाजवतो, सगळं त्यांना तोंडपाठ. बाई म्हणतात, रस्ताच अरुंद ठेवलाय, तिथे पोलीस काय करणार. बेकरीवाले म्हणतात, रस्ता मस्त रुंद आहे, त्याच्यावर गाड्या कोण लावू देतो ते बोला. हा वाद मी सहा वर्षं ऐकतोय. दोघांपैकी कुणी एक पाऊल मागे गेलेलं नाही, आणि एखाद्या सकाळी एक जण आला नाही तर दुसऱ्याला करमत नाही.

तिसरा मी. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. माइकपुढे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे सांगण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे वाहतूक हा विषय माझ्या मालकीचा आहे असं मला वाटायचं. ते दोघं भांडायला लागले की मी मध्येच सांगायचो की दोष पुढाऱ्यांचा नाही नि पोलिसांचाही नाही, दोष आखणीचा आहे, आणि आखणी कशाशी खातात हे या शहरात एकालाही ठाऊक नाही. 'एकालाही' म्हणताना स्वतःला वगळायचो, हे सांगायला नको. शेवटी एकदा कंटाळून बाई म्हणाल्या, मग तुम्हीच करून दाखवा ना.

आमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ म्हणजे तळ्याकडून बाजारात जाणारा रस्ता. त्याच्या मध्यावर एक कोपरा आहे. सकाळी साडेसात वाजले की शाळेच्या बस, रिक्षा, पाण्याचे टँकर आणि दुधाच्या गाड्या तिथे एकमेकांच्या नाकासमोर येऊन उभ्या राहतात आणि कुणीच गाडी मागे घेत नाही. त्याच कोपऱ्यावर आमची मासेवाली बसते. ती उरणकडच्या कोळीवाड्यातली. सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो, वयानं ती माझ्याहून लहानच असेल. सव्वासहाच्या सुमाराला टोपल्या मांडते. फिरायला आलेली माणसं परतताना तिच्याकडून मासळी घेऊन जातात, आणि नऊच्या आत तिच्या टोपल्या रिकाम्या होतात. पत्ता सांगतानासुद्धा लोक 'मासेवालीचा कोपरा' असंच म्हणतात.

गेल्या थंडीत वाहतूक पोलिसांनी नागरिकांची बैठक बोलावली. पालिकेचे दोन अधिकारी आले होते, एक नगरसेवकही आला होता. अशा बैठकीत जो तो 'मी जास्त वेळ घेणार नाही' म्हणून उभा राहतो आणि आपल्या गल्लीतल्या गटारापासून सुरुवात करून देशाच्या भवितव्यापर्यंत जातो. बाईंनी नगरसेवकाला असं काही फैलावर घेतलं की तो नकळत उठूनच उभा राहिला. बेकरीवाल्यांनी पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा पाढा वाचला. मग मी उठलो, तेवढ्यात चहा आला आणि बाई नि बेकरीवाल्यांसकट सगळे तिकडे वळले; मी एकटाच पुढच्या टेबलापाशी गेलो आणि त्या कोपऱ्याचा सगळा घोटाळा एका उपायानं कसा सुटेल ते सांगितलं. रस्ता एकेरी करायचा. बाजाराकडून तळ्याकडे गाड्या येतील, तळ्याकडून बाजाराकडे एकही जाणार नाही.

बैठकीला ज्या पोलीस अधिकारी बसल्या होत्या त्या नव्यानंच बदलून आलेल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काका, मला हे लिहून द्या, नकाशासकट.

'लिहून द्या' याचा सरकारी अर्थ मला कुणी शिकवायला नको. मी स्वतः शेकडो प्रवाशांना तेच सांगून कटवलंय. पण बाईंचं ते 'करून दाखवा ना' मनात घोळत होतं. घरी येऊन मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टी घेतली आणि बसलो. कोपऱ्यावर तीन दिवस उभं राहून मी गाड्यांच्या वेळा टिपल्या. शाळेच्या सगळ्या बस, टँकर, दूधवाले, कचऱ्याची गाडी, काही सोडलं नाही. एकेरी नियम मी चोवीस तासांचा ठेवला. फलाट एकदा ठरला की ठरला, सवलती दिल्या की गोंधळ झालाच, असा माझा नोकरीतला खाक्या. नकाशात शाळा दाखवली, बेकरी दाखवली, आणि कोपरा चटकन कळावा म्हणून तिथे लाल पेनानं गोल काढून लिहिलं, 'मासेवाली'. आमची सौभाग्यवती, म्हणजे ही, चहा ठेवायला आली तेव्हा म्हणाली, एवढं मन लावून घराचं वीजबिल कधी बघितलं नाहीत. मी लक्ष दिलं नाही.

महिन्याभरानं कोपऱ्यावर फलक लागला. प्रायोगिक तत्त्वावर एकेरी वाहतूक. खाली माझेच शब्द होते, फक्त सरकारी मराठीत. मी तो फलक चार वेळा वाचला. खरं सांगतो, निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळाला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता. बाकावर मात्र मी काही बोललो नाही. आधी सगळ्यांनी तारीफ करावी आणि मग मी हळूच सांगावं, असा माझा बेत होता.

पण तारीफ काही होईना. पहिल्याच दिवशी बाईंनी ही कुणाची अक्कल म्हणून विचारलं. त्यांच्या घरी जायला आता रिक्षा लांबून फिरून येत होती. त्यांच्या मते हे नगरसेवकाचं काम, कारण नव्या वाटेवर त्याच्या मेव्हण्याचं हॉटेल आहे. बेकरीवाले म्हणाले, ना, ना, हे पोलिसांच्या डोक्यातून निघालंय, त्यांना एक हवालदार सावलीत बसवायचा होता आणि या कोपऱ्यावरच तेवढी सावली आहे. तळ्यावर भेटणारा प्रत्येक जण नवीन कारण आणत होता. कुणी म्हणे बिल्डर, कुणी म्हणे पुढची निवडणूक. माझ्या कॅलेंडरच्या पानामागे केवढा मोठा कट होता हे मला तेव्हा कळलं.

त्यातल्या त्यात समाधान एवढंच की साडेसातची कोंडी खरोखर सुटली होती. शाळेच्या बस न थांबता जात होत्या. मी रोज कोपऱ्यावर थांबून ते बघायचो आणि मनातल्या मनात घोषणा करायचो. गाड्या बघण्याच्या नादात त्या कोपऱ्यावर दुसरं काय नाही, हे मला आठ दिवस दिसलं नाही. ते हिच्यामुळे कळलं. हिनं मांदेली आणायला सांगितली होती आणि मी तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं घरी आलो होतो. मी म्हटलं, मावशी दिसत नाही, लग्नकार्याला गेली असेल. ही म्हणाली, बाजारामागच्या भिंतीपाशी बसलेली परवा कुणीतरी पाहिली, जाऊन बघा तरी.

मी गेलो. बाजाराच्या मागच्या बाजूला, जिथे भाजीचे ट्रक रिकामे होतात, तिथे एका भिंतीला टेकून ती बसली होती. दहा वाजून गेले होते तरी टोपल्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या. बर्फाचं पाणी होऊन रस्त्यावर ओघळत होतं आणि ती ओलं फडकं सारखं मासळीवर पसरत होती. मला बघून हसली आणि म्हणाली, या भाऊ, तुमी तरी वाट शोधत आलाव.

मग तिनं जे सांगितलं ते असं. उरणकडून त्यांचा टेम्पो पहाटे निघतो. त्यातून येणाऱ्या बाकीच्या दोघी बाजारातच उतरतात. मावशीला मात्र टेम्पो तळ्याकडून येऊन कोपऱ्यावर सोडायचा, तेवढाच तिच्यासाठी वळसा. आता तळ्याकडून आत शिरता येत नाही. हायवेवरून फिरून बाजाराच्या तोंडाशी यावं तर तिथे भाजीचे ट्रक आडवे. ड्रायव्हर तिला बाजारामागेच उतरवतो. दोन भरलेल्या टोपल्या घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जाणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. आणि फिरायला येणारं गिऱ्हाईक काही भिंतीमागे येत नाही.

ऐकता ऐकता मी मनातल्या मनात माझा कागद तपासला. मी दुधाच्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या, कचऱ्याच्या गाडीची लिहिली होती. तिचा टेम्पो माझ्या कागदावर नव्हताच. मी टिपणं काढायला सात वाजता जायचो आणि ती मला आधीच बसलेली दिसायची. ती तिथे कशी येते हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. शाळा असते, बेकरी असते, तशी ती असते. खूण म्हणून मी तिला लाल गोलात बसवली होती आणि तिची वाट मीच बंद करून टाकली होती.

ती पोलिसांवर चिडलेली नव्हती. तिची सून तिला उरणजवळच्या द्रोणागिरीच्या एका गोदामात झाडलोटीचं काम बघून देत होती, त्याची काळजी तिला जास्त होती. महिनाअखेरपर्यंत कोपरा परत मिळाला नाही तर टोपली ठेवून द्यायची, असं घरात ठरलं होतं. पंचवीस वर्षं मासळी विकलेली बाई, गोदामात केर काढायला जायचं म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. मग एकदम सरळ होऊन म्हणाली,

"पोलिसाचा काय दोष नाय, भाऊ. त्यो उभा ऱ्हातो, त्याला वरून कागद आलाय. कुनी शिकलेल्या मानसानं काढलाय, लय हुशार हाय म्हनतात. तुमी एसटीत व्हताव, तुमाला लिवता येतं. मना एक अर्ज लिवून द्या त्या मानसाच्या इरोधात."

मी म्हटलं, देतो.

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या विरोधात अर्ज लिहिला. नोकरीत बऱ्याच लोकांनी माझ्याविरुद्ध अर्ज केले, पण इतका मुद्देसूद कुणाचाच नव्हता. सदर आखणी करताना पहाटेच्या वाहतुकीचा विचार केलेला दिसत नाही, असं वाक्य लिहिलं आणि कानशिलं तापली. मागणी एकच होती, एकेरी नियम सकाळी साडेसातपासून लागू करावा. कोंडी होते ती साडेसातनंतर, टेम्पो येतो सहाला, म्हणजे एवढ्यानं दोन्ही साधत होतं. चोवीस तासांचा हट्ट नसता तर हे मला आधीही सुचलं असतं. ही शेजारी उभी राहून वाचत होती. म्हणाली, अंगठा तिचा आणि चूक तुमची, एवढं तरी लिहा खाली. मी लिहिलं नाही.

मावशीचा अंगठा घेऊन अर्ज मी पोलीस अधिकारी बाईंकडे नेला. त्यांनी वाचला, कपाटातून एक फाइल काढली, माझं कॅलेंडरचं पान उलगडलं आणि अर्ज त्याच्या शेजारी ठेवला. बराच वेळ त्या दोन्ही कागदांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, काका, अक्षर सुंदर आहे तुमचं. मी खुर्चीत जरा खाली सरकलो. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की शुक्रवारी पुन्हा बैठक आहे, तिथे हा अर्ज ठेवू, लोकांचं काय म्हणणं पडतं ते बघून निर्णय घेऊ. तुमचं नाव मी सांगणार नाही, असंही त्या हसत म्हणाल्या.

शुक्रवारी हॉल भरलेला होता. बाईंनी सुरुवातीलाच जाहीर केलं की या योजनेला त्या दहापैकी शून्य देतात. नगरसेवक उठून म्हणाला की त्याचा काडीचा संबंध नाही आणि मेव्हण्याचं हॉटेल वर्षापूर्वीच बंद पडलंय. तेव्हा सगळ्यांनी आपला मोर्चा पोलिसांकडे वळवला. बेकरीवाल्यांचा आवाज चढला. त्यांनी विचारलं की चौकात कधी उभं न राहिलेला माणूस असले नकाशे काढतो का, त्या गरीब बाईनं बसायचं कुठे, ही कसली इन्साफाची बात. मावशीबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मागून कुणीतरी अधिकारी बाईंना म्हणालं, तुम्हाला इथलं काय माहीत, तुम्ही काल आलात. त्या ऐकून घेत होत्या. समोरच्या फाइलवर त्यांचा हात होता आणि फाइलीत माझं नाव, पत्ता, सही सगळं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ते मला सहन होईना. माझी मुलगी तिच्या ऑफिसात कुणाच्या चुकीपायी अशी बोलणी खात बसली असती तर, असं वाटलं आणि मी उठलो. जास्त वेळ घेणार नाही, असं म्हणालो आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर घेतला नाही.

"नकाशा माझा आहे," मी म्हणालो. "मॅडमना मीच लिहून दिला. चूक त्यांची नाही नि नगरसेवकाचीही नाही. पहाटेचा टेम्पो मी विसरलो."

बाई माझ्याकडे वळून बघत राहिल्या, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. त्यांचं बघून बेकरीवाले हसायला लागले, मग नगरसेवक, आणि शेवटी अधिकारी बाईसुद्धा. एवढ्या लोकांना एकदम हसवायची माझी पहिलीच वेळ. हसणं ओसरल्यावर अर्ज वाचला गेला आणि विनाविरोध मंजूर झाला. पालिकेच्या माणसानं फलकावर वेळ रंगवून द्यायचं कबूल केलं. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, कबूल केलंत म्हणून शून्याचे चार करते, त्याच्या वर नाही. बेकरीवाल्यांनी माझ्या हातात नानकटाईचा पुडा दिला आणि म्हणाले, घ्या साहेब, इतके दिवस आम्ही तुमच्याच तोंडावर तुम्हाला शिव्या देत होतो, बोलायचं तरी.

फलकावर वेळ रंगवून झाली. सोमवारी सकाळी मी सहालाच कोपऱ्यावर गेलो. अजून नीट उजाडलं नव्हतं. टेम्पो तळ्याकडून आला, हवालदारानं हात करून त्याला आत घेतलं, आणि मावशी उतरली. टोपल्या उतरवायला मी हात लावला. तिनं फळी मांडली, त्यावर बर्फ, बर्फावर मांदेली, कोळंबी, थोडे बोंबील. तुमच्या अर्जानं काम झाला, असं म्हणून तिनं मला हात जोडले, आणि मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोललो ते सोपं होतं. मावशीसमोर तोंड उघडण्याआधी मी उगाच एक टोपली दोनदा सरळ केली.

मी तिला सांगितलं. ज्याच्या विरोधात अर्ज केलास तो शिकलेला माणूस मीच. गाड्या मोजल्या, नकाशा काढला, त्यात तुला दाखवलीसुद्धा, पण तू येतेस कशी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागावली असं वाटलं नाही. तिला ते नीट कळून घ्यायचं होतं, एवढंच. मग खाली बघून मांदेली निवडायला लागली आणि निवडता निवडता म्हणाली,

"मंग मना इचारायचा ना, भाऊ. तुमी गाड्या मोजत व्हताव तवा मी तुमच्या बाजूलाच तर बसली व्हती."

"चुकलंच माझं, मावशी," मी म्हणालो.

तिनं मांदेली पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. उद्या पापलेट येनार हाय, म्हणाली, लवकर या.